वहिनीच्या पावलांवरचं कापड

आमच्या दादाला अख्खं गाव मास्तर म्हणतं. शाळेतला नव्हे हो, शिंपी आहे तो. चाळीस वर्षं एकाच मशीनवर बसलाय. तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे न बोलायला सबब आयतीच. वहिनीचं सगळं उलटं. ती पोहायला शिकवायची आणि तिचं तोंड पाण्याखालीच काय ते बंद असायचं. पन्नाशीत बाईसाहेबांना फळी घेऊन लाटांवर उभं राहायचं, त्या सर्फिंगचं खूळ लागलं. विकतची फळी पसंत पडेना, म्हणून फोमचा भला मोठा ठोकळा आणला आणि मागच्या खोलीत दोन महिने घासत बसली. फळीला आकार आल्यावर तिच्यावर उभी राहिली, वाकली आणि आपल्या दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली. इथे पाय ठेवायचे म्हणून.

पुढच्याच महिन्यात तिला ताप आला आणि आठ दिवसांत गेली.

दादा रडला नाही. तिसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं. मी रोज डबा घेऊन जायचे आणि "जेवलास का?" विचारायचे, तर म्हणायचा, "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय रे? पोट तुझं की शेजाऱ्याचं?"

त्यावर तोंडात टाचण्या धरून मशीन चालू करायचा. असा राग यायचा मला! खरं तर राग नव्हता, भीती होती. नऊ महिने हा माणूस लाकडासारखा वावरत होता.

एका रविवारी त्याचा फोन आला. "धूळ पुसली तर पावलं पुसट झाली. वर कापड चढवून टाकू."

सामान वहिनीने आणूनच ठेवलं होतं. काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड, रेझिनचा, म्हणजे पातळ डिंकासारख्या रसायनाचा डबा, त्यात घालायचं घट्ट करणारं औषध. कापड फळीवर अंथरायचं, त्यावर रेझिन ओतून पट्टीने पसरायचं. कापड रेझिन पितं आणि काचेसारखं आरपार होतं. मग खालचं जे असेल ते कायमचं राहतं. दादाने मोबाईलवर पाच वेळा बघून घेतलं होतं. आमच्या घराण्यात याआधी कुणी साधी होडीसुद्धा रंगवली नव्हती.

मी पोचले तेव्हा कापड कापून तयार होतं. काय बाई कापलं होतं! कडेला चारी बाजूंनी सारखं सोडलेलं, गोलाईला नेमक्या खाचा, कुठे सुरकुती नाही. अंथरायला मी हात लावला आणि कोपरापर्यंत खाज सुटली. दादाच्या हातावर लाल चट्टे उठले होते.

"खाजत नाही का रे?"

"कळत नाही," म्हणाला.

औषध त्याने थेंब मोजून घातलं, ढवळलं, ओतलं. पट्टी इकडून तिकडे फिरवत होता, इस्त्री करावी तशी. मी पावलांच्या जागेकडे डोळे लावून बसले. पावलं दिसेनात. कापड दुधाळच राहिलं. अजून रेझिन ओतलं, पट्टी दाबून फिरवली, तरी पांढरं ते पांढरंच.

"अरे, ओढून काढ! ओलं आहे तोवर काढ!" मी ओरडले.

त्याने टोक धरून वीतभर उचललं. खाली एका टाचेची रेघ होती, ती रेझिनमध्ये विरघळून कापडाबरोबर वर आली, काळपट डाग होऊन. त्याने टोक होतं तसं परत टेकवलं आणि हात मागे घेतला. आता काढावं तर पावलं जाणार, ठेवावं तर दिसणार नाहीत. आम्ही दोघं उभ्या उभ्या बघत राहिलो आणि बघता बघता ते दगडासारखं घट्ट झालं.

मी तिथूनच सामानाच्या दुकानदाराला फोन लावून फैलावर घेतलं. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कापडाला पाणी लागलं होतं का?"

मी दादाकडे पाहिलं.

"कालच पाण्यातून काढलं," दादा म्हणाला. "साबणाच्या. दोरीवर वाळवलं, घडी घालून ठेवलं. कोरं कापड आटतं ना. पाण्यातून काढल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

दुकानदार म्हणाला, काचेचं कापड आटत नाही, पण धुतलं की त्यावरचा लेप जातो, मग ते रेझिन पीत नाही, पांढरंच राहतं. मी फोन ठेवला. दादावर ओरडायला तोंडात शिव्या तयार होत्या, पण नजर कापडाच्या त्या नेमक्या कडांवर गेली. सगळ्या जन्मात त्याने एवढ्या काळजीने कुणाचं कापड बेतलं नसेल.

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "तिच्या पायाचा अंगठा लांब होता, की शेजारचं बोट?"

"अंगठा," मी ठोकून दिलं.

"नक्की?"

"अरे, नक्की म्हणजे काय! तीस वर्षं बघत नव्हते का मी?"

"हो. अंगठाच," तो म्हणाला. मान हलवली, पुन्हा हलवली, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा तोंड झाकून रडला.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.