मनात वाचा, मॅडम

पहिलीच्या पोरांना शिकवता शिकवता केस पिकले, आणि आता हुकूम आला की शिक्षक व्हायला मी पात्र आहे की नाही, याची परीक्षा द्या. दोन वर्षांत पास नाही झालं तर नोकरी जाणार. त्या संध्याकाळी घरी येऊन मी भांडी अशी आदळली की शेजारीण विचारायला आली.

माझी मुलगी मेहकरला डी.एड. करते. तिलाही तीच परीक्षा द्यायची होती. मग मायलेकी एकाच टेबलाशी अभ्यासाला बसलो. मास्तरीण ती आणि ढ पोरगी मी.

"वर्गातलं एक मूल बोलतच नाही. शिक्षकानं काय करावं?" ती वाचायची. खाली चार पर्याय.

"कोणतं मूल?" मी विचारायची. "घरी बोलते का? आयकू येते का त्याले?"

"आई, ते मूल नाही, प्रश्न आहे! गोल भर अन् पुढं चाल."

"आग लागो तुह्या गोलाले," असं म्हणत मी गोल भरायची. बहुतेक वेळा चुकीचाच.

परीक्षेचं केंद्र बुलडाण्याला आलं. मुलीचा हॉल वेगळा होता. माझ्या हॉलमध्ये सगळे माझ्याच वयाचे गुरुजी आणि मॅडम, चष्मे पुसत बसलेले. पेपर हातात आला. पहिलाच उतारा होता. मी ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागले. थोड्या वेळानं पर्यवेक्षक, एक तरणाताठा मुलगा, जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मनात वाचा."

अगं बाई! मी मोठ्यानं वाचत होते. पहिलीत वाचते तसंच, एकेक शब्द सुटा करून. हॉलमध्ये खसखस पिकली. मागचे एक गुरुजी म्हणाले, "वाचू द्या हो, मलेही समजून राह्यलं होतं." हसले मीही, पण त्यानंतर डोळ्यांसमोरून ओळी नुसत्या सरकत राहिल्या. आवाज नाही तर अर्थही लागेना. घंटा झाली तेव्हा शेवटचे कितीतरी गोल कोरेच होते.

निकाल लागला. मुलगी पास, मी नापास. पेढे मीच आणले. तिला भरवताना खूप आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, पोटात जळलंही. पोटच्या पोरीवर जळायचं म्हणजे काय! पण तिचंही तोंड उतरलेलं.

"आई, मले भेव लागून राह्यलं," ती म्हणाली. "कॉलेजच्या सराव पाठाला मागं आमच्या मॅडम बसतात, पोरं दबून राहतात. एकटीनं मी वर्ग कधी घेतलाच नाही. तुह्या शाळेत येऊ का?"

शनिवारी सकाळी ती आली. मी मागे, पोरांच्या बसायच्या पट्टीवर जाऊन बसले. तिनं धडा उघडायला सांगितला. सगळ्या पोरांनी ओळीखाली बोटं ठेवली आणि एकच कलकलाट सुरू केला. ती गांगरली.

"मनात वाचा रे!"

वर्ग चिडीचूप. बोटं तेवढी सरकत होती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली. खरं कोण वाचतंय, नुसतं बोट कोण फिरवतंय, काही कळायला मार्ग नव्हता.

"आता सांग," मी मागून म्हणाले, "कोण कुठं अडकलं?"

ती पोरांकडे वळली. मग म्हणाली, "मोठ्यानं वाचा."

पुन्हा गलका उठला. या वेळी ती वाकून, कान देत रांगेतून फिरली आणि एका मुलीपाशी थांबली. ती पोरगी जोडाक्षर आलं की गिळून टाकत होती. माझी लेक तिच्याजवळ खाली बसली, अक्षराखाली स्वतःचं बोट ठेवलं आणि तिच्याबरोबर वाचायला लागली. मला रडू आवरेना.

आता रोज संध्याकाळी मी तोंड मिटून वाचायचा सराव करते. पुढच्या वेळी पास व्हायलाच पाहिजे, कारण हा वर्ग मला सोडायचा नाही. मुलगी समोर बसून लक्ष ठेवते.

"आई, ओठ हालून राह्यले तुहे."

मी ओठांवर बोट ठेवते आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करते.