म्हैस तिसऱ्या मजल्यावर

आमच्या सोसायटीच्या चेअरमनना आवाजाचं वावडं. रिटायर झाल्यावर मी रविवारी पार्किंगमध्ये पोरांचा गोष्टींचा वर्ग सुरू केला, तर लगेच बजावलं, "बाई, आणखी एक तक्रार आली की वर्ग बंद." माझं डोकंच फिरलं. जन्मभर पहिली-दुसरीच्या पोरांत रमलेली मी. हा वर्ग गेला तर घरात बसून वेड लागायची पाळी.

आवाज नको ना? बरं! पोरांच्या हाती खडू दिले. म्हटलं, "आज बोलायचं नाही, जिन्यावर लिहायचं. एका पायरीला एक वाक्य."

अहाहा, काय सुटली कार्टी! मंद्रूप गावी आजोळ असलेल्या दुसरीतल्या एका पोरीनं खालच्या पहिल्याच पायरीवर लिहिलं, 'आमच्या म्हशीला सोलापूर बघायचं हाय.' मी 'हाय' खोडलं नाही. म्हैस तिथली, तर बोलीही तिथलीच. मग म्हैस शेंगाचटणीचा डबा घेऊन निघाली, आमच्या जुळे सोलापूर भागात यायला रिक्षावाल्याशी भांडली, लिफ्टमध्ये शिंगं मावेनात म्हणून जिना चढली, लई दमली. तिसऱ्या मजल्यावर, चेअरमनच्या दारापुढच्या शेवटच्या पायरीवर, 'म्हशीनं बेल वाजवली' एवढं लिहून होतंय तोवर खडू संपले. पोरं तोंड दाबून हसत लोळत होती. मीही.

तेवढ्यात लाईट गेली. लिफ्ट बंद! आणि चेअरमनच्या दाराची कडी वाजली. आम्ही धूम ठोकली ती थेट पार्किंगमध्ये.

चेअरमन जिन्यानं उतरले. सावकाश, पायरीपायरीला थांबत. आता झाडणार, म्हणून मी पदर खोचून तयार. तर गृहस्थ कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "बाई, ही म्हैस माझ्या दारापर्यंत आली होती. मग परत गावाला का गेली?"

मला काही उमजेना. एकटा राहणारा माणूस, त्याच्या दारी कुणी फिरकत नाही हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक. त्यांचा चेहरा बघून मला कसंतरीच झालं.

"अवो आजोबा," मंद्रूपवाली खिदळली, "तुमी वरनं वाचलं की! खालनं वाचायचं असतंय."

मग काय, चेअरमन पुढं, वरात मागं. धापा टाकत, मोठ्यानं वाचत चढले. रिक्षाच्या भांडणाला तर थांबून रिक्षावाल्याचा आवाजही काढला! वर पोचून म्हणाले, "म्हशीनं बेल वाजवली. पुढं?"

"खडू संपले."

ते वळून आत गेले. दार लावून घेतलं. गेला म्हटलं वर्ग!

पोरगी पुढं झाली. बेल दाबली. लाईट नाही, बेल वाजणार कुठून? तर ह्या भवानीनं दाराला तोंड लावलं आणि जिना दणाणेल अशी रेकली, "आँऽऽऽ!" मी तिचं तोंड दाबायला धावले.

"कोण?" आतून आवाज.

"म्हैस!"

"थांब की जरा!"

आत काहीतरी फरफटल्याचा आवाज झाला. दार उघडलं. चेअरमन घामाघूम. सोफा भिंतीला, टीपॉय सोफ्यावर, हॉल मोकळा.

"सरकवत होतो," ते म्हणाले. "म्हैस मावायला नको? या, पाय पुसून आत या सगळे. आणि बाई, पुढच्या रविवारी खडू जास्त आणा."