दसऱ्याला घेतलेली लॉरी

हायस्कुलात असताना सोलापुरात मी वार लावून जेवत असे. रोज एका घरी. गुरुवारचं घर मोटारींच्या एका व्यापाऱ्याचं होतं. मी त्यांना काका म्हणे. पोर खेड्यातलं, भूक जास्त, म्हणून काकूंनी कधी हात आखडता घेतला नाही. पुढे मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिलाच. सोलापुरात शिक्षकाची नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन आधी त्याच घरी गेलो होतो.

माझा थोरला भाऊ बाजारोबाजार फिरून चादरी, धोतरं, लुगडी विकायचा. माढ्यापासून नातेपुत्यापर्यंत बैलगाडीतून जायचं, आणि मुक्कामाला देऊळ नाहीतर कुणाची पडवी शोधायची. त्याला एक मोटार हवी होती. बाजूच्या फळ्या खाली सोडल्या की दुकान मांडता यावं, मुक्कामाला आतल्या बाकावर पाठ टेकता यावी. त्यासाठी त्यानं बैल विकले, वहिनींनी पाटल्या काढून दिल्या. मोटार कुणाकडून घ्यायची, हे मात्र मी ठरवलं. काका आपले आहेत, फसवणार नाहीत, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

मोटारीचा सांगाडा परदेशातून यायचा आणि वरचं लाकडी काम काकांच्या आवारातच व्हायचं. सागवान वापरतो, असं ते म्हणाले होते. गाडी दसऱ्याला ताब्यात मिळाली. त्या दिवशी आवारात गर्दी होती, झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. आमची हिरव्या रंगाची, चकचकीत. मी आत चढून पाहिलं तर मागचं दार चौकटीत बसत नव्हतं आणि टपाच्या सांध्यातून उजेड दिसत होता. मी भावाला खुणावलं. त्यानं माझा दंड धरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “आज काय बोलू नगंस. सणाचा दिस हाय. नव्या गाडीला नाट लावतूस व्हय, मास्तर?”

त्यानं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, दार सुतळीनं बांधलं आणि गाडी नेली.

परतीच्या पावसानं त्याला नातेपुत्याच्या वाटेवर गाठलं. टप ठिकठिकाणी गळला. लाल लुगड्यांचा रंग पांढऱ्या धोतरांवर उतरला. तो तसाच गाडी घेऊन माझ्या दारात आला. टपाच्या आतल्या बाजूचा रंग फुगून सुटला होता आणि खालून काळी इंग्रजी अक्षरं वर आली होती.

“काय लिवलंय?” त्यानं विचारलं.

मोटारींचे भाग ज्या खोक्यांतून येत, त्या खोक्यांच्या फळ्या होत्या त्या. मी वाचून अर्थ सांगितला: कोरड्या जागी ठेवावे.

भाऊ हसला. मला हसू आलं नाही.

आम्ही गाडी घेऊन काकांच्या आवारात गेलो. मला वाटत होतं, अक्षरं पाहताच ते शरमतील, सुताराला बोलावून त्याला फैलावर घेतील. त्यांनी आत डोकावलं, अक्षरं पाहिली आणि रुमालानं हात पुसले. त्यांना ती नवी नव्हती.

“दार गाडी नेलीत तेव्हा बसत होतं का?” सुतळीनं बांधलेल्या दाराकडे बोट करून त्यांनी भावाला विचारलं.

“न्हवतं बसत.”

“मग तेव्हाच बोलायचं. तुम्ही पूजा केलीत, गाडी घेऊन गेलात. पूजा झालेली गाडी मी परत घेत नाही.”

मी सागवानाची आठवण दिली. ते माझ्याकडे वळले. आवाज अजिबात चढला नव्हता. “माझ्या पंगतीला बसून मोठा झालास तू. त्या तोंडानं मला खोटं ठरवतोस?”

ते अन्न काकूंच्या मायेचं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. माझं तोंड बंद करायला त्याचा असा उपयोग होईल, हे मला कधी सुचलं नव्हतं. मग ते म्हणाले, तुझ्याकडे बघून टपाला डांबर फासून देतो, उपकार समज.

“उपकार नगं,” भाऊ म्हणाला. “चल रं.” आणि गाडी सुरू करायला त्यानं हँडल मारलं.

टपावर ताडपत्री बांधून त्यानं धंदा पुढं चालू ठेवला. मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर मी सोसला असता. सुट्टीत मी त्याच्याबरोबर बाजाराला जाई. एकदा एक बागाईतदार गाडीभोवती फिरून म्हणाला, “झ्याक हाय की. मलाबी घ्यायचीया.”

“घ्या की,” भाऊ म्हणाला. “पर दसऱ्याला नगं. आडदिवशी जावा. टपावर दोन घागरी वता, आत बसून बगा, मग नारळ फोडा.”

“घेतली कुणाकडनं?”

“ह्यो सांगंल. ह्यानंच दावली.”

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी काकांचं नाव सांगितलं, पेढी कुठल्या रस्त्याला आहे ते सांगितलं, आणि तिकडे जाऊ नका म्हणालो.