टेलरबाईंचं अडखळणं

टेलरबाईंना हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर घेतलं ते त्यांच्या अडाणीपणासाठी. हे त्या स्वतःच सांगायच्या आणि वर हसायच्याही. नियमच तसा. माणसांवर संशोधन करायचं तर आधी कमिटीची परवानगी, आणि कमिटीत डॉक्टर नसलेलं एक तरी साधं माणूस हवंच. कमिटीचे अध्यक्ष पँटची कंबर सैल करून घ्यायला दुकानात यायचे. एकदा त्यांच्या हातातलं माहितीपत्रक बाईंनी वाचलं आणि तोंडावर सांगितलं, "डॉक्टर, यातलं अक्षर कळलं असेल तर शपथ." झालं! पुढच्याच महिन्यात बाई कमिटीवर.

काम एकच. पेशंटनं सही करायचा कागद मोठ्यानं वाचायचा आणि जिथे बाई अडखळतील तिथे डॉक्टरांनी तो पुन्हा लिहायचा. सहा वर्षांत बाईंनी भल्याभल्यांना घाम फोडला होता.

या खेपेचा कागद जोडप्यांसाठी होता. मूल व्हावं म्हणून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करतात, त्यातले उरलेले गोठवून ठेवतात. त्या उरलेल्यांतून स्टेम सेल, म्हणजे हव्या त्या अवयवाच्या घडवता येणाऱ्या पेशी, काढायच्या आणि त्या वापरून डोळ्याच्या पडद्यावर उपचार करून बघायचा. त्या उपचाराच्या यादीत बाईंच्या दादाचं नाव होतं. दुकानातलं सगळं कटिंग दादाचं; बाईंना कात्री धरायला त्यानंच शिकवलं. आता तो नुसती बटणं लावायचा, तीही चाचपून. हे बाईंनी कमिटीत कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नियमाप्रमाणे खोलीबाहेर बसावं लागलं असतं.

"'उर्वरित भ्रूणांचा सुयोग्य विनियोग केला जाईल,'" बाईंनी वाचलं आणि थांबल्या. "विनियोग म्हणजे? पेशी काढल्यावर भ्रूणाचं काय होतं?"

"तो उरत नाही," संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग तसंच लिहा की."

"तसं लिहिलं तर निम्मी जोडपी सही करणार नाहीत. काम सहा महिने लांबेल. पेशंट वाट बघताहेत हो."

सहा महिन्यांत दादाचं उरलंसुरलं दिसणंही जाईल. गप्प बसायचा मोह झाला, खोटं कशाला बोला! पण इंजेक्शनं टोचून टोचून जिनं ते भ्रूण मिळवले, तिला ते संपणार हे सही केल्यावर कळावं?

"देणारे देतील," त्या म्हणाल्या. "पण काय देतोय ते कळून देऊ देत."

कागद परत गेला.

संध्याकाळी दुकानात दादानं विचारलं, "काय गं, झाला का पास?" बाईंनी सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "बरोबर केलंस." आणि ड्रॉवरमधून एक घडी घातलेला कागद काढून पुढे केला. "आता माझा वाच. मागच्या महिन्यात तू म्हणालीस, मी वाचलाय, कर सही. म्हणून केली."

तोही कागद बाईंनीच कमिटीत वाचला होता. एकदाही न अडखळता. आता चौथ्या ओळीला जीभ अडली.

"'प्रस्तुत टप्प्यात सहभागीस प्रत्यक्ष लाभ अभिप्रेत नाही.'"

"म्हणजे काय?"

"म्हणजे... उपचार बाधतो का, एवढंच या वेळी बघणार. दिसायला लागेल असं नाही, दादा."

"मला वाटलं, पुन्हा कात्री धरीन."

"मलाही तेच वाटलं होतं."

"तू तर वाचला होतास."

"वाचला होता रे. पण मला तुझे डोळे हवे होते, मग अडखळतेय कशाला?"

"त्या परक्या लोकांना सरळ सांगायला लावलंस," दादा म्हणाला, "आणि मला?"

बाईंना रडू फुटलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. "मागच्या महिन्यात पास केलेला कागद परत मागवा. त्यातला पेशंट माझा सख्खा भाऊ आहे. या वेळी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या."