हंसातला नवा तारा
ऑगस्ट सरताना आभाळ नुसतं भरून येतं, पाऊस पडत नाही आणि कोंदट हवेला मातीचा वास येतो. तो आला की मला पंचाहत्तर साल आठवतं. मी तेव्हा सोलापुरात कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. हंस तारकासमूहात अचानक नवा तारा पेटल्याची बातमी रेडिओवर लागली. विझत आलेला छोटा, जड तारा जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेत राहतो आणि एके दिवशी त्या वायूचा भडका उडतो, हे मी फक्त फळ्यावर शिकवलेलं. आता तो भडका लाल आणि निळ्या काचेतून पाहून त्याचा रंग कसा बदलतो ते टिपायचं होतं. गिरण्यांचा धूर नको म्हणून कॉलेजची दुर्बीण घेऊन मी कुंभारीला मैत्रिणीच्या शेतावर राहायला गेले, तर रोज संध्याकाळी ढग. "जात का नाहीत मेले!" मी एकदा वैतागून ओरडले. मैत्रिणीची आई सुकत चाललेल्या तुरीत उभी होती. "आमी पाऊस यावा म्हनून हात जोडतोय, आन् तुमी ढग हाकलताय व्हय, बाई?" मी ओशाळले, पण चडफड थांबली नाही. शेवटी थेंबही न पडता आभाळ निवळलं. हंस लखलखीत दिसत होता, पण तोवर भडका ओसरून नवा तारा इतका मंदावला होता की बाकीच्या ताऱ्यांत तो ओळखूच येईना. "घावला का?" तिनं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "ढगबी गेलं आन् तुमचा ताराबी गेला की," असं म्हणून ती माझ्याशेजारी बांधावर बसली. आता दुर्बिणी आपोआप सगळं आभाळ वेगवेगळ्या रंगांत टिपतात आणि अशा भडकणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या ढिगानं सापडतात. नात मला त्यांचे आलेख दाखवते. मी कौतुकानं बघते, पण त्या ढगांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.