जाऊबाईंचा सब्जेक्ट

वाक्यावर माझ्या थोरल्या जाऊबाईंइतका जीव टाकणारं माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात सापडायचं नाही. खोडाळ्याच्या आमच्या घरातून त्या रोज सूर्यमाळच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जायच्या. कोणाबद्दल बोललंय तो सब्जेक्ट, त्याच्याबद्दल काय सांगितलंय ते प्रेडिकेट. दिसेल त्या वाक्याचे असे दोन तुकडे केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. मी स्वयंपाकघरातून ओरडावं, "अहो, दूध उतू गेलं!" तर गॅस बंद करायचा सोडून त्या समाधानाने म्हणत, "दूध, सब्जेक्ट. उतू गेलं, प्रेडिकेट." बाजारात एक भाजीवाली नुसतंच "ताजी हाय" म्हणाली, तर "काय ताजी आहे?" असं यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं, की तिने घाबरून कोथिंबिरीची एक जुडी फुकटच वर घातली.

एकदा वर्गात त्यांनी फळ्यावर 'ब्रिंग वॉटर' लिहून सब्जेक्ट विचारला. तो 'यू' असतो आणि लपलेला असतो, हे त्या सांगणार तोच एक मुलगी उठली. "बाई, त्यो सब्जेक मीच ना. आई रोज मलाच सांगते, पानी आन." वर्ग हसला, जाऊबाईही हसल्या, पण त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी एकाही वाक्याचे तुकडे केले नाहीत. उन्हाळ्यात पाड्यावरच्या मुली पाण्यासाठी झऱ्यावर अडकून शाळेला उशिरा येत, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या ग्रामसभेला त्या जाऊन बसल्या. तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "टँकर लवकरच पाठवण्यात येईल."

जाऊबाई उठल्या. "प्रेडिकेट छान आहे साहेब. सब्जेक्ट कुठाय? कोण पाठवणार?"

"कार्यवाही चालू आहे."

"कोण करतंय?"

"म्हणजे, प्रस्ताव गेलेला आहे."

"कोणी पाठवला?"

सगळी सभा कान टवकारून बसली. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि शेवटी म्हणाले, "बाई, मी पाठवतो."

"करेक्ट!" म्हणून जाऊबाईंनी वर्गात वाजवावी तशी टाळी वाजवली, मग सभेनेही वाजवली. त्याच आठवड्यात टँकर आला. मागोमाग साहेबही आले, आणि जाऊबाईंनी त्यांना आग्रहाने दोनदा चहा पाजला.

यंदा त्या निवृत्त झाल्या. जव्हारच्या कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या शाळेतल्या जुन्या मुली सुट्टीला पाड्यावर जाताना आमच्याकडे उतरतात, चहा पितात, एकमेकींचं बोलणं तोडत हसत बसतात. जाऊबाई त्या अर्धवट वाक्यांचा सब्जेक्ट न विचारता त्यांच्याकडे नुसत्या बघत राहतात. मग मुली सूर्यमाळच्या जीपमध्ये बसल्या की त्या रस्त्यापर्यंत येतात, आणि जीप वळणाआड गेली तरी पदर सावरत थोडा वेळ तिथेच उभ्या असतात.