बोहारणीच्या घरचा डबा

जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण आमच्या जिन्याच्या पायरीवर टोपलं टेकवते आणि आधी पाणी मागते. हल्ली तिचं प्रत्येक बोलणं ‘जाऊ द्या ताई’नं सुरू होतं. सगळं नगर पायी तुडवून घासाघीस करायलाही तिच्यात दम उरलेला नसतो.

पूर्वी मीच तिला सासूबाईंचे स्टीलचे डबे देऊन रंगीत प्लास्टिकचे घेतले होते. हलके, दिसायला छान. आता मुलगी फोनवर रागावते, गरम भाजी त्यात घालू नकोस, प्लास्टिकचा बारीक चुरा पोटात जातो. म्हणून परवा मी सगळे डबे बोहारणीपुढे मांडले आणि म्हटलं, “हे घ्या, स्टीलचे द्या.”

तिनं एक डबा नखानं खरवडला. नखात भुगा आला. “जाऊ द्या ताई, हे कुनी घेत न्हाई.”

“माझे ते जुने डबे?”

“जाऊ द्या ताई, इकले. एक घरी हाय, पिठाला. तुमच्या सासूचं नाव हाय त्याच्यावर.”

“तो तरी आणून द्या.”

ती टोपलं उचलून उठली. या वेळी ‘जाऊ द्या’ म्हणाली नाही.

“न्हाई ताई. माझ्या घरात मी पलास्टिक कधी शिरू दिलं न्हाई.”